बाबूला गावच्या शाळेत घालताना

आमचा बाबू आता सहा वर्षांचा झालाय आणि गावातल्याच सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिलीत जातो. त्याला ऑटिझम आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातलं आमचं गाव छोटं, कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, त्यामुळे ओळखीतून-ओळखीतून बऱ्याच आयांचे फोन येतात, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कसं काढलं, शाळेने कसं घेतलं, तुम्ही लिहून काय दिलं. फोनवर एकीला एक सांगितलं जातं आणि दुसरीला दुसरं, म्हणून जे झालं ते एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

दोन वर्षांचा होईपर्यंत तो नावाने हाक मारली की वळायचा नाही. पण सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, त्याचा भोंगा अजून देवळाच्या वळणावर असायचा आणि हा दारात जाऊन उभा. म्हणजे कानाचं काही नाही हे आम्हाला घरच्या घरी कळत होतं, तरी डॉक्टरांनी आधी कानाची तपासणी करून घ्यायला लावली आणि ते बरोबरच आहे, ऐकू येतं हे एकदा कागदावर आलं की पुढे कोणी तो विषय काढत नाही. दुसरं म्हणजे तो बोट दाखवायचा नाही. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून मला ओट्याकडे न्यायचा, माझाच हात उचलून ग्लासावर ठेवायचा, आणि एवढं सगळं होईपर्यंत एकदाही माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. डॉक्टरांनी एम-चॅट म्हणून वीस प्रश्नांची एक यादी भरून घेतली. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, त्यातून निदान होत नाही, पुढे तपासायची गरज आहे का एवढंच कळतं. पुढे तपासलं आणि तिसऱ्या वर्षाच्या आत निदान हातात आलं.

घरात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांच्याच घरी होतं. मुलगे उशिरा बोलतात, त्याचा काका पण चार वर्षांनी बोलला, मोबाईल दिला म्हणून झालं, लस दिली म्हणून झालं. लसीचं एवढं ठामपणे सांगणारे लोक भेटले की मी फाइलच उघडायची. लसीशी संबंध जोडणारा, १९९८ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलेला लेख त्या साप्ताहिकाने स्वतःच २०१० मध्ये मागे घेतला, त्याच्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले आणि लसीचा ऑटिझमशी संबंध सापडला नाही. सासूबाईंना हे एकदा बसून सांगितलं तेव्हापासून वाड्यावर कोणी विषय काढला की त्याच सगळ्यांना समजावतात. औषधाने, डाएटने, स्टेम सेलने बरा करतो म्हणणाऱ्यांचे नंबर पण बरेच जण आणून द्यायचे. बाबू आजारी नाहीये, त्याच्या डोक्याची घडणच वेगळी आहे, आणि स्टेम सेलची तर ऑटिझमसाठी शिफारससुद्धा नाही. ते नंबर आम्ही कुठे लावले नाहीत.

खरा गोंधळ झाला भाषेवरून, आणि हा गोव्यातल्या प्रत्येक घरात होणार म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे सासूबाई आणि शेजारपाजार कोंकणीत, मी आणि नवरा मराठीत, आणि थेरपी सगळी इंग्रजीत. एका सेंटरमध्ये सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर मूल गोंधळतं. म्हणजे जी आजी त्याला दिवसभर सांभाळते, न्हाऊ घालते, भरवते, तिने गप्प बसायचं का? मला ते पटलं नाही आणि मी ते मानलं नाही. नंतर ज्या स्पीच थेरपिस्टकडे आम्ही गेलो त्या बाई स्पष्ट म्हणाल्या की ऑटिझम असलेल्या मुलाच्या कानावर दोन भाषा पडल्या म्हणून त्याचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, उलट घरच्यांनी ज्या भाषेत मनापासून बोलता येतं त्या भाषेत बोलावं. थेरपीतले शब्द त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतले. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो, ते मराठीतही आहे. आम्ही ते सुरू केलं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की मग तो बोलायचाच थांबेल ना. थांबला नाही. चित्र दाखवून मागता यायला लागल्यावर त्याची चिडचिड कमी झाली आणि शब्द पण वाढले.

त्याचे पहिले शब्द आई-बाबा नव्हतेच. थेरपीला आम्ही बसने जायचो आणि फोंड्याच्या स्टँडवर कंडक्टर पणजीच्या बससाठी ओरडत असायचे, ते ह्याने उचललं. एक दिवस चपला हातात घेऊन दारात उभा राहिला आणि अगदी कंडक्टरच्या आवाजात, त्याच सुरात, "पणजे पणजे पणजे!" ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं बोलणं ह्याला एकोलेलिया म्हणतात आणि कित्येक लोक त्याला निरर्थक बडबड म्हणून सोडून देतात. पण त्याचा अर्थ होता, बाहेर जायचंय. तसंच सासूबाईंचं "पुरो मरे" म्हणजे आता बास, सहन होत नाहीये. अशी वाक्यं मी एका वहीत लिहायला लागले, वाक्य काय, कुठून उचललं, त्याला काय म्हणायचंय. त्या वहीचा पुढे शाळेत खूप उपयोग झाला.

आता सर्टिफिकेट. आम्हाला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं होतं. फोंड्याहून पणजी आणि पणजीहून मडगावच्या बसने बांबोळी, बाबूला बस आवडते म्हणून प्रवासाचं ओझं झालं नाही, वाट बघण्याचं झालं. ऑटिझमसाठी आपल्याकडे इसा नावाची मोजणी वापरतात, त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. मुलाला बघतात आणि आईवडिलांना विचारतात. डोळ्यात बघतो का, एकटाच रमतो का, विनाकारण हसतो का, वस्तू एका रांगेत लावतो का, धोका कळतो का. एकूण ७० किंवा त्याच्या वर गेलं की ऑटिझम धरतात आणि तिथून टक्केवारी ठरते. इथे आयांना एक गोष्ट कळकळीने सांगते. परक्यासमोर आपण आपल्या लेकराचं चांगलंच सांगायला जातो, "नाही हो, कधीतरीच करतो." तिथे तसं करू नका. सगळ्यात कठीण दिवस कसा असतो ते सांगा, तो आठवड्यात किती वेळा येतो ते सांगा. मी वही घेऊन गेले होते, शक्य तिथे तारखा वाचून दाखवल्या, आणि समोरच्या मॅडमनीही शांतपणे सगळं उतरवून घेतलं. केस कापायला नेलं की काय होतं हे सांगताना मला रडू आलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबून पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

४० टक्के किंवा त्याच्या वर आलं की कायद्यातले बरेचसे हक्क लागू होतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, त्याला स्वावलंबन पोर्टल आहे. आमचं पहिलं सर्टिफिकेट तात्पुरतं होतं, पुन्हा तपासणी लागते, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. त्या कागदावर पुढे काय काय मिळतं तेही सांगते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी कुठली मेडिकल टेस्ट लागत नाही आणि थेरपीचा खर्चसुद्धा ठरलेल्या मर्यादेत मागता येतो. जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असाल तर घरातल्या दिव्यांग माणसासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर सव्वा लाख. आणि आपल्या राज्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना दिव्यांगांसाठीही आहे. काही ओळखीचे लोक म्हणाले, एवढ्या लहान वयात मुलावर शिक्का कशाला मारून घेता. वाड्यावरचे लोक ह्याला वेडा म्हणत होते तो शिक्का नव्हता का? सर्टिफिकेटने किमान हातात काहीतरी दिलं.

शाळेचं प्रकरण मात्र लांबलं. आधी आम्ही एका नावाजलेल्या खाजगी शाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी फॉर्म घेतला, हसून बोलल्या, बाबूने टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवला आणि फिरवतच राहिला, तसा त्यांचा आवाज बदलला. "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी सांगते, आधी ह्याला बोलायला शिकवा मग आणा." मी म्हटलं, मॅडम, हे तुम्ही मला लिहून द्याल का? एवढं विचारल्यावर खोलीत एकदम शांतता. लिहून कोणीच देत नाही, कारण लिहून देण्यासारखं ते नसतंच.

हे लिहून मागायचं मला शिकवलं एका अनोळखी बाईने. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा आम्ही बाबूला घेऊन गेलो होतो, आणि तिथे रांगेत एका मोठ्या मुलाच्या आईची गाठ पडली. मुलगा चांगला मिसरूड फुटलेला, कानाला हेडफोन, आईचा हात धरून उभा. त्या म्हणाल्या, बाय, तोंडी काही मागू नकोस आणि तोंडी काही ऐकून घेऊ नकोस, सगळं कागदावर, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यायची. माझ्या नवऱ्याला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

तर मी त्या खाजगी शाळेला पत्र लिहिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरलीत आणि ऑटिझम त्यात आहे. कलम १६ म्हणतं की सरकारमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या. कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा त्याच्या वरच्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या स्पेशल स्कूलमध्ये फुकट शिक्षणाचा हक्क आहे. स्पेशल स्कूल वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, काही मुलांना तिथेच बरं पडतं आणि तिथले शिक्षक जीव ओतून काम करतात. पण कुठे घालायचं ते आईवडिलांनी मुलाकडे बघून ठरवायचं, दारावरून परत पाठवणाऱ्याने नाही. पत्राची एक प्रत शाळेला आणि एक भागशिक्षणाधिकाऱ्यांना. काही दिवसांनी शाळेतून फोन आला, घेतो, पण तुम्ही पूर्ण वेळ वर्गाबाहेर बसायचं आणि काही झालं तर लगेच घरी न्यायचं. आम्ही दोघांनी एक रात्र विचार केला आणि नको म्हणून कळवलं. जिथे तो नकोसा आहे तिथे कायद्याच्या जोरावर बसवून त्याचे दिवस कसे गेले असते?

मग गावची शाळा. वर्गात मोजकी मुलं, खिडकीबाहेर फणसाचं झाड, पंख्याचा खडखडाट. मुख्याध्यापिका बाईंनी ऑटिझम म्हणजे काय असं काही विचारलं नाही, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "लघवीला लागली की सांगतो कसा?" मला एवढं हलकं वाटलं! कारण जिला मूल उद्यापासून खरंच वर्गात बसणार आहे असं वाटतं तीच हा प्रश्न विचारते. मी पिशवीतून कागद काढून दिला. वहीतून उतरवून एकच पान तयार केलं होतं, पाठपोट नाही, भिंतीवर लावता येईल असं. मोठं काही नव्हतं त्यात. लघवीसाठी तो निळ्या दाराचं चित्र दाखवतो, चित्र दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. "पणजे पणजे" म्हणजे बाहेर जायचंय, "पुरो मरे" म्हणजे बास. बोलताना त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू नका, तो खिडकीकडे बघत असला तरी ऐकत असतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजा, मग उत्तर येतं. कानावर हात गेले तर तो हट्ट नाहीये, त्याला मागच्या व्हरांड्यात न्या, बोलू नका, पाठीवरून हात फिरवू नका, नुसतं जवळ उभं राहा. मागून स्पर्श झाला तर दचकतो आणि ढकलतो. बाईंनी ते माझ्यासमोरच दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "वैनी, हें बरें केलें, म्हाका समजलें."

सगळं सुरळीत झालं असं नाही. शाळेत पितळी तास आहे, तो वाजला की बाबू बाकाखाली. पहिले काही दिवस रोज. मग समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून अधूनमधून येणाऱ्या रिसोर्स टीचरनी सुचवलं की तास ह्यालाच वाजवू द्या. अचानक येणारा आवाज त्याच्या अंगावर येतो, पण तोच आवाज आपल्या हाताने, आपल्याला माहीत असलेल्या वेळी केला तर सोसवतो. शिपाईमामा आधी येऊन सांगतात, बाबू चल, आणि हा जातो, एका हाताने कान झाकून दुसऱ्या हाताने ठोका. आता तास चुकला तर तोच आठवण करतो. दुपारच्या आहारात पाव-भाजी येते, त्याचा पाव भाजीला लागला की ताट ढकलायचा. आहार आणणाऱ्या बचत गटाच्या मावशीला सांगितलं, तर त्या न विसरता त्याचा पाव वेगळ्या ताटलीत देतात. ह्याला किती पैसे लागले? काही नाही. वाजवी सोयी म्हटलं की शाळा घाबरतात, त्यातल्या बऱ्याचशा एवढ्याच असतात.

पावसाळ्यात एकदा त्याने नळावर एका मुलीला ढकललं, तिचं कोपर फुटलं. तिची आई चिडून आली, चिडणारच, तिच्या मुलीला लागलं होतं. मी तिच्या घरी गेले, मुलीची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी बाईंबरोबर नळापाशी उभी राहून बघितलं की नेमकं होतं काय. मुलं रांगेत एकमेकांना मागून रेटतात, वर पागोळ्यांचं पाणी मानेवर पडतं. तेव्हापासून तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहतो, मागे कोणी नाही, पुन्हा तसं झालं नाही. बाईंनी वर्गातल्या मुलांना त्याच्याबद्दल सांगितलं, अगदी साधेपणाने, घाबरवून नाही. आणि आता तीच मुलगी नवीन येणाऱ्यांना सांगते, "तो पणजे म्हणटा म्हळ्यार ताका भायर वचपाक जाय."

घरच्यांशी बोलणं हे पण ह्याच कामातलं, आणि मला शाळेपेक्षा ते जास्त जड गेलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या मूळ घरी सगळी कुटुंबं जमतात, आरतीला घुमट, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कासाळं म्हणजे मोठी झांज, आणि बाहेर फटाके. घुमटाचा आवाज बाबूला चालतो, गणपतीवर फळं टांगलेल्या माटोळीखाली उभा राहून एकेक फळ बघत ऐकतो, पण कासाळं सुरू झालं की संपलं. पहिल्या वर्षी थोरले लोक म्हणाले, देवासमोर असं कान झाकून उभं राहायचं नसतं, सवय करा. मी आधीच जाऊन मोठ्या जाऊबाईंशी आणि भावजींशी बोलले. त्याची आरती मागच्या पडवीतून होईल, कान झाकून होईल, आणि फटाका लावायच्या आधी मला एक हाक मारा. भावजींनी पुतण्यांना तंबी देऊन ठेवली. गेल्या चवथीला तो हेडफोन लावून पूर्ण आरतीभर पडवीच्या दारात उभा होता, आणि प्रसादाला स्वतः हात पुढे केला.

दुसरीला बाई त्याच राहणार की बदलणार ते अजून ठरलेलं नाही. मी पान नव्याने लिहायला घेतलंय, कारण निम्म्या गोष्टी बदलल्यात. लघवीचं तोंडाने सांगतो, चित्र लागत नाही. पेन्सिल मात्र जाडच लागते आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला जास्त वेळ लागतो, ते नवीन घालायचंय. "पुरो मरे" ऐकू येतं तोपर्यंत उशीर झालेला असतो, त्याच्या आधी तो शर्टाचं शेवटचं बटण फिरवायला लागतो, हे आम्हाला आत्ताच लक्षात आलंय, ते सगळ्यात वर लिहिणार. मे महिन्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका बाईंकडे द्यायचंय, एक प्रत फाइलला, पोच घेऊन.